फाटका पपायरस आणि चाकूरचा हेल

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, लातूरमधल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात, चाकूर तालुक्यातून आलेल्या एका बाईंनी रडायला नकार दिला. त्यांना त्यासाठीच बोलावले होते. एका ग्रीक नाटकाचा उरलेला तुकडा तिथे बसवला जात होता. त्या तुकड्यात एक बाई मेलेल्या माणसासाठी विलाप करते आणि बाकीच्या बायका तिला साथ देतात. तालमीतल्या एका मुलीच्या त्या आत्या. त्यामुळे सभागृहातले सगळेच त्यांना आत्या म्हणत होते. इथेही तसेच लिहितो.

आत्यांनी खुर्ची नाकारली, जमिनीवर बसल्या आणि विचारले, "मेलं कोण?"

कोणी मेलेले नाही, हे नाटक आहे, असे त्यांना सांगण्यात आले.

"मग नाटकातलं रडा की. मला कशाला एष्टीनं आणलं?"

मुली हसल्या. भाची हसली नाही. तिचे वडील, म्हणजे आत्यांचे धाकटे भाऊ, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लातूरच्या एका दवाखान्यात वारले होते. मृतदेह घरी आला नाही. आत्यांच्या गावाने तेव्हा वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला होता. भावजयीनेही फोनवर सांगितले होते, "वन्सं, येऊ नका." आत्या गेल्या नाहीत. त्यानंतर भावाच्या घराची पायरीही चढल्या नाहीत. पंचक्रोशीत कोणाचीही मयत असली तरी ज्यांच्या आवाजाची वाट पाहिली जाते, त्यांनी सख्ख्या भावासाठी हेल काढलेला नव्हता. भाचीने हे मला आणि नाटक बसवणाऱ्या मॅडमना तालमीच्या आधी सांगून ठेवले होते. "आत्या त्याच्यावर बोलत न्हाईत. पण त्यांचं तिथंच अडकलंय," असे तिचे शब्द होते.

हेल शहरात आता कमी ऐकू येतो. आमच्याकडच्या खेड्यांत मयतीच्या घरी येणारी बाई गल्लीच्या कोपऱ्यावरूनच लांब सुरात रडत येते. त्या रडण्यात शब्द असतात. मेलेल्याला नात्याने हाक असते, त्याचे गुण असतात, त्याने अर्धी टाकलेली कामे असतात. घरातल्या बायका आतून तशाच सुरात उत्तर देतात. उत्तर आले की येणारी आत जाते, दोघी गळ्यात पडतात. उत्तर आले नाही तर ती उंबऱ्याबाहेरच थांबते. थोड्या वेळाने कोणी तरी "बस करा आता" म्हणते, तांब्याभर पाणी येते, चुळा भरल्या जातात आणि पुढच्या क्षणाला पाऊसपाण्याची चौकशी सुरू होते. मला नवल वाटायचे ते या पुढच्या क्षणाचे.

मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. निधनवार्ता बराच काळ माझ्याकडे होत्या. त्यांचा साचा ठरलेला असतो: नाव, वय, गाव, अंत्यविधी कुठे, पश्चात कोण. "परिसरात शोककळा पसरली" हे वाक्य काढून टाकणे हे माझे काम होते. ते का काढले, असे विचारणारे नातेवाइकांचे फोन घेणे हेही माझेच काम होते. एकदा वृत्तसंस्थेकडून रोमन काळातल्या एका थडग्याच्या दगडाचे छायाचित्र आले. दगडावर लॅटिन मजकूर कोरलेला होता आणि खाली त्याचा अर्थ दिला होता. मेलेल्याचे नाव, तो किती जगला, दगड कोणी बसवला आणि शेवटी वाटेने जाणाऱ्याला थांबून वाचण्याची विनंती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने डोकावून पाहिले आणि म्हणाला, "पानात लावून टाका. फक्त खाली 'शोकाकुल मित्रपरिवार' राहिलंय."

ते छायाचित्र छापले गेले नाही, जागा नव्हती. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी निधनवार्तेचा हाच साचा कसा काय वापरला, हा प्रश्न माझ्याकडे राहिला. साम्य म्हणजे संबंध नव्हे, हे बातमीदारीत पहिल्या महिन्यात शिकवतात. संबंध नसेल तर साम्य कशाचे, हे कोणी शिकवत नाही. निवृत्त झाल्यावर मी ऑनलाइन लॅटिनच्या वर्गात नाव घातले. वर्ग घेणारे गृहस्थ पुण्याचे होते. ते लॅटिन संपवून ग्रीककडे वळले, तेव्हा वर्गातली निम्मी माणसे गळाली. राहिलेल्यांत मी होतो आणि लातूरच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना मी मॅडम म्हणतो.

मॅडम मूळच्या नांदेडच्या, जुन्या मुस्लिम घरातल्या. त्यांचे आजोबा हकीम होते. मी वर्गात कोणत्याशा धड्यावर बोलताना म्हणालो, की ग्रीस आपल्याकडे इंग्रजांच्या शाळांमधून पोहोचला. वर्ग संपल्यावर मॅडमचा फोन आला.

"सर, तुम्हाला ग्रीस आता भेटला. आमच्या घरात युनान रोज सकाळी यायचा. काढ्यात. कडू असायचा."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. ग्रीक वैद्यक अरबीत गेले, तिथून फारसीत आणि फारसीतून निजामाच्या राज्यात उर्दूत आले. नांदेडच्या गल्ल्यांतल्या पाट्यांवर 'युनानी दवाखाना' मी आयुष्यभर वाचत होतो. तो शब्द एका देशाचा आहे इकडे लक्ष गेले नव्हते. मग आमच्यासमोर पुढचा प्रश्न आला. त्या वाटेने वैद्यक आले, तर्कशास्त्र आले, गणित आणि ज्योतिष आले. नाटके का आली नाहीत? अभ्यासक याची अनेक कारणे देतात. मॅडमनी स्वतःचे एक दिले.

"दवा माणूस लांबून आणतो, सर. रडणं कोण आणतंय? ते ज्याचं त्याच्या घरात असतंच."

या वाक्याला पुरावा नाही. ते मी तरीही वहीच्या मागच्या पानावर उतरून ठेवले.

पुढे भाषांतरासाठी आम्ही दोघांनी एक तुकडा निवडला. त्याचा कर्ता माहीत नाही, नाटकाचे नाव माहीत नाही. इजिप्तमध्ये त्या काळी ग्रीक लिहिणारे-वाचणारे लोक राहत; तिथे गावाबाहेरच्या जुन्या उकिरड्यांत पपायरसचे असे हजारो कपटे सापडले आहेत. पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या एका पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून बनवलेला कागद. तो ओलाव्यात कुजतो. त्या भागात पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून तो टिकला. मॅडमनी वर्गात मुलींना हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे दुष्काळाचा एवढा तरी फायदा हाय."

आमच्या तुकड्याची उजवी बाजू फाटलेली आहे. मुख्य बाईच्या ओळी अर्ध्यावर तुटतात. मेलेल्याचे नाव जिथे असायला हवे तिथे भोक आहे. तो तिचा भाऊ, नवरा की मुलगा, हेही ठरत नाही. साथ करणाऱ्या बायकांची एक छोटी ओळ मात्र पुन्हा पुन्हा येते आणि पूर्ण वाचता येते. मी तिचे भाषांतर केले होते, "आम्ही ऐकले आहे." मॅडमनी ते फोनवर मला एकदा मोठ्याने वाचून दाखवले. मग म्हणाल्या, "सर, हे पोलीस निरीक्षकाचं निवेदन आहे." आम्ही ती ओळ "ऐकलं गं, ऐकलं" अशी केली.

खरी अडचण आरोळ्यांची होती. मजकुरात मधेच नुसते ओरडणे येते, अक्षरांत लिहिलेले: अइ अइ, ओतोतोतोइ. शब्दकोश त्यापुढे 'शोकोद्गार' एवढेच म्हणतो. सूर कोणता, किती लांबवायचा, श्वास कुठे घ्यायचा, यातले काही शिल्लक नाही. मी आधी "हाय हाय" लिहिले.

"ये क्या सर, मोर्चा है क्या?" मॅडम म्हणाल्या.

मग "अरेरे" लिहिले. त्यावर त्यांनी विचारले, की विकेट कोणाची गेली. आम्ही ती जागा रिकामी सोडली.

मॅडमच्या महाविद्यालयातल्या बी.ए.च्या मुलींनी तो तुकडा बसवायला घेतला, तेव्हा त्या रिकाम्या जागेपाशी तालीम रोज अडायची. मुली टीव्हीवरच्या मालिकांसारख्या रडत. सभागृहाच्या भिंतीला लागून शिकवणीचा वर्ग आहे. तिथले शिक्षक एकदा विचारायला आले, की मुलींना कोणी रागावले का. त्या दिवशी भाचीने हात वर करून सांगितले, "मॅडम, माझ्या आत्या हेल काढतात. लई भारी. बोलावू का?" आत्यांना तिने फोनवर सांगितले ते एवढेच, की गाण्याचे काम आहे.

म्हणून त्या रविवारी आत्या सभागृहात जमिनीवर बसून विचारत होत्या, मेलं कोण. भाषांतर मी केलेले असल्याने उत्तर द्यायला मला पुढे करण्यात आले.

मी सांगितले, की मेलेल्याचे नाव कागदावरून फाटून गेले आहे.

"बरं. मग नातं सांगा."

"नातंही फाटलंय."

"सगळं फाटलेलंच आणलं व्हय तुम्ही?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "पेपरवाले ना तुम्ही? मयताचं नाव न घालता कधी बातमी छापली का?"

'अनोळखी मृतदेह आढळला' या मथळ्याखाली आम्ही अनेकदा छापली होती. ते तेव्हा सांगितले नाही.

आत्यांनी पुढे समजावून दिले, की हेल नात्याला असतो. आईने रडायचे वेगळे, बायकोने वेगळे, बहिणीने वेगळे. कोणाला हाक मारायची तेच माहीत नसेल तर तोंड उघडायचे कशाला. मग त्यांनीच विचारले, "ती बाई बोलती काय? ते तर वाचा."

मी शिल्लक ओळींचे मराठी वाचले. बाईने केस कापले आहेत. ती म्हणते, तुझ्या अंगणातली वाट आता माझी राहिली नाही. पुढे ओळ तुटते. ती म्हणते, सणाच्या दिवशी मी कोणत्या दारात... आणि पुन्हा ओळ तुटते.

आत्यांनी लगेच निकाल दिला. "बहीण हाय."

"कशावरून?" मॅडमनी विचारले.

"वाट बंद झाली म्हणती ना? बायकोची वाट कशी बंद व्हईल, ती तिथंच ऱ्हाती. भाऊ गेला की बहिणीची वाट बंद. सणाला कोणाच्या दारात जाऊ म्हणती. दुसरं कोण म्हणंल असं?"

मॅडमनी हे मान्य केले नाही. प्राचीन ग्रीसमध्ये नवरा मेल्यावर बाई वडिलांच्या घरी परत जाऊ शकत असे, तिची वाट बंद होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे ही बायकोही असू शकते.

"तुमची असंल बायको," आत्या म्हणाल्या. "माझी बहीण हाय."

कोणाचे बरोबर होते ते सांगता येत नाही. केस कापण्याची चाल दोन्ही नात्यांत दिसते. तुकड्याच्या अभ्यासकांत यावर एकमत नाही, आणि आत्यांच्या आणि मॅडमच्या बोलण्याने त्यात बदल झाला असेही म्हणता येणार नाही. एवढे नोंदवता येते, की त्यानंतर सभागृहात कोणी हसले नाही.

मॅडमनी सावकाश विचारले, "बहीण असेल तर मग बहिणीसारखा काढाल का, आत्या? थोडासा? मुलींना कळण्यापुरता?"

"न्हाई."

"का?"

"कोरड्या जागी हेल काढू न्हाई. ज्या घरात मयत न्हाई तिथं काढला की मयत त्या घराचा पत्ता विचारत येती. ही तर शाळा हाय. लेकरं हायत इथं."

दुसरे कारण त्यांनी कोणाकडे न बघता सांगितले. "आन् ज्याच्यासाठी काढायचा व्हता त्याचं सगळं होऊन गेलं. गोड झाल्यावर हेल काढायचा नसतो. मेलेल्याच्या वाटेत पाणी व्हतंय. त्याला चालता येत न्हाई."

गोड होणे म्हणजे काय, हे मॅडमना भाचीने सांगितले. तेराव्या दिवसापर्यंत मयतीच्या घरात गोड शिजत नाही. त्या दिवशी सोयरेधायरे येतात, पुरण किंवा शिरा करतात आणि घरच्यांना आग्रहाने खाऊ घालतात. घरच्यांनी ते स्वतःहून करायचे नसते. तोंड गोड झाले की रडणे संपते. त्यानंतरचा हेल दोष धरला जातो.

सांगता सांगता भाची आत्यांकडे वळली. मग म्हणाली, "आत्या, पण आमच्यात गोड झालंच न्हाई."

"काय म्हणती?"

"तेराव्याला कोण आलं व्हतं? मी नि मम्मी. मम्मीनं वरणभात टाकला. कॉलनीत कोणी दार उघडत नव्हतं."

"अगं, वर्षाला तर केलं असंल."

"वर्षाला मम्मीनं मंदिरात शिधा दिला. घरात काही केलं न्हाई. दिवाळीला पण डबे बाहेरून आणते. ती म्हणते, आपण आपल्या हातानं कसं गोड करून घ्यायचं."

आत्यांनी भिंतीला टेकवलेली पाठ सोडवली. "कोणीच खाऊ घातलं न्हाई?"

"कोण घालणार व्हतं? तुम्हीच व्हत्या."

शिकवणीच्या वर्गातून रसायनशास्त्राचे सूत्र म्हणवून घेतल्याचा आवाज येत होता. आत्या म्हणाल्या, "मग तो अजून दारातच उभा हाय की." त्या उठल्या. "ऑटो बोलवा."

मुलींना घरी जायला सांगण्यात आले. त्या प्रयोगाचे पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो. तो मार्चमध्ये झाला. रिकाम्या जागेसाठी मुलींनी स्वतःच एक सूर बसवला. तो कशावरून घेतला असे विचारल्यावर प्रत्येकीने वेगळे उत्तर दिले.

मॅडमनी विचारले, भावाच्या घरी आम्हीही आलो तर चालेल का. "या की," आत्या म्हणाल्या. "पण तो फोन पिशवीत घाला. हे दाखवायचं काम न्हाई." मॅडम ध्वनिमुद्रणाची तयारी करून आल्या होत्या. त्यांनी फोन बंद करून पिशवीत ठेवला. पुढचे सगळे त्यामुळे आठवणीवरून लिहिलेले आहे. माझी आणि मॅडमची आठवण ताडून पाहिली आहे. जिथे ती जुळली नाही ते गाळले आहे.

मागे तिघी बसल्या, मी ऑटोवाल्याशेजारी. वाटेत आत्यांनी एकदाच विचारले, "तुझी मम्मी घरात असंल ना?" भाचीने हो म्हटले. "आपण यायलोत म्हणून फोन करू का?" असे तिने विचारल्यावर आत्या म्हणाल्या, "हेल सांगून काढतेत व्हय?"

भावाचे घर बार्शी रस्त्याच्या बाजूला, एका वसाहतीत आहे. बहुतेक घरांच्या वरच्या मजल्यांवर शिकवणीला आलेली मुले-मुली भाड्याने राहतात. गल्लीच्या तोंडाशी आत्यांनी ऑटो थांबवायला लावला. उतरून त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, चप्पल काढून भाचीच्या हातात दिली आणि चालायला लागल्या. आम्ही मागे राहिलो.

आवाज छातीतून निघाला आणि खूप वर गेला. मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. शेवटी जो श्वास त्या घेत, तो बाहेर टाकलेल्या सुराइतकाच मोठा ऐकू येई. त्यांनी भावाला राजा म्हटले, वाघा म्हटले. वेशीत काट्या टाकल्या रं, बहीण काट्यापाशी उभी ऱ्हायली रं, असे म्हटले. तुझ्या उसाला पाणी कोण देतंय, विहिरीची मोटार कोण चालू करतंय, असे विचारले. तुला परक्यांनी उचललं, तुझ्या तोंडात पाणी कोणी घातलं, असे विचारले. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अक्षरे लांबवलेली होती. ती कोणती, यावर माझे आणि मॅडमचे एकमत नाही.

वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. शेजारच्या घरातून एक बाई लगबगीने बाहेर आल्या. "अगं बाई, कोण वारलं? कधी?"

त्यांना कोणी उत्तर दिले नाही. आत्या फाटकापाशी पोहोचल्या होत्या. भावजय दारात आल्या. त्या कपडे वाळत घालत असाव्यात. हातात चिमटे होते. त्यांनी आत्यांना पाहिले आणि तिथेच उभ्या राहिल्या. आतून उत्तर यायला हवे होते. आले नाही. आत्यांनी दुसऱ्यांदा हाक घातली. भावजयीचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्या नांदेड शहरात वाढलेल्या, त्यांना हेल येत नाही, हे मला नंतर कळले. आत्यांना ते माहीत होते की नाही, याची माहिती मिळू शकली नाही. आत्यांचा हात फाटकाच्या कडीवर होता, पण त्यांनी ती काढली नाही.

तिसऱ्या हाकेनंतर भाची आमच्याजवळून पुढे गेली. तिने फाटकाशी उभे राहून म्हटले, "ऐकलं गं, ऐकलं."

ती ओळ तिने तालमीत कितीदा तरी म्हटली होती. इथे सूर वेगळा होता, आत्यांच्या सुराच्या खालून धरलेला. आत्यांनी तिच्याकडे वळून पाहिले नाही. त्यांनी पुढची ओळ घेतली. भाचीने पुन्हा तेच उत्तर दिले. त्याच्या पुढच्या वेळी भावजयीचा आवाज त्यात मिसळला. त्यांना ती ओळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुलीच्या तोंडून ऐकून त्यांनी ती उचलली. त्यांनी चिमटे पायरीवर टाकले आणि फाटक आतून उघडले. दोघी गळ्यात पडल्या.

काही दिवसांनी मी भाचीला विचारले, की तिने ती ओळ मुद्दाम म्हटली का.

"माहीत न्हाई सर. आलं तोंडात," ती म्हणाली.

शेजारच्या बाई अजून विचारत होत्या. भावजय मान वर करून म्हणाल्या, "आमचेच, काकू. जुनं हाय." बाईंना हे लगेच कळले असावे. त्या पुढे झाल्या आणि दोघींच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बस करा आता. बस." त्याच आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. आत्यांनी फाटकाबाहेर चूळ भरली, तोंड पुसले आणि म्हणाल्या, "तुझ्या पेरूला फळ धरंना का गं? खत घालती का न्हाई?"

आम्हाला आत बोलावण्यात आले. मॅडम बाहेरच थांबते म्हणत होत्या. आत्या म्हणाल्या, "आता कुठं लाजता? रडताना ऐकलं, आता जेवताना बगा."

आतल्या खोलीत भावाचा फोटो होता. आत्यांनी त्याच्याकडे पाहिले, पण त्याच्याशी काही बोलल्या नाहीत. बोलणे भावजयीशी झाले.

"वन्सं, मी 'येऊ नका' म्हणले होते," भावजय म्हणाल्या.

"म्हणली होतीस. ते बरोबरच व्हतं. पुन्हा 'या' कधी म्हणलीस?"

"मला वाटलं तुम्ही रागात असाल."

"व्हते की. रागात माणूस येत न्हाई व्हय? रागात तर आधी येतंय."

भाची हसली. मग भावजयही हसल्या आणि हसता हसता पुन्हा रडायला लागल्या. आत्यांनी त्यांना रडू दिले नाही. "झालं आता. पुरे. घरात गूळ हाय का?"

घरात गूळ नव्हता. साखरही चहापुरतीच होती. शेजारच्या बाईंनी गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणून दिली. आत्यांनी भावजयीला आणि भाचीला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. "तुम्ही घरच्या. तुम्ही हात लावायचा न्हाई." डाळ शिजायला वेळ होता, तेवढ्यात त्यांनी मॅडमना विचारले, की त्यांच्यात कसे करतात. मॅडमनी सांगितले, की त्यांच्याकडे मोठ्याने रडणे चांगले मानत नाहीत. घरात काही दिवस चूल पेटत नाही आणि शेजारी-नातेवाईक डबे आणून देतात.

"म्हंजे खाऊ घालायचं तुमच्यात बी दुसऱ्यानंच," आत्या म्हणाल्या.

"हौ. तेवढं सारखंच आहे."

"आन् तिकडं? त्या फाटक्या कागदवालीकडं?"

हा प्रश्न मला होता. ग्रीक आणि रोमन लोकांत अंत्यविधीनंतर नातेवाईक एकत्र जेवत, अशा नोंदी आहेत, असे मी सांगितले. कोण वाढत असे, गोड असे की नाही, हे मला माहीत नव्हते. तेही सांगितले.

"मग ते हुडका," आत्या म्हणाल्या. "नावाचं राहू द्या. नाव काय, ती घेती तिच्या मनात."

पुरणाला चटका बसल्याचा वास आला तेव्हा मॅडम आणि मी निघालो. मला नांदेडची गाडी गाठायची होती. आत्यांनी आम्हाला तसेच जाऊ दिले नाही. दोघांच्या हातावर पुरणाचा एकेक गोळा ठेवला. तो गरम होता. आम्ही तो फाटकापाशी उभे राहून खाल्ला.

त्या दुपारी भावजय आणि भाचीला आत्यांनी स्वतःच्या हाताने पहिला घास भरवला. आत्या रात्री तिथेच मुक्कामाला राहिल्या. सोमवारी सकाळी त्या चाकूरच्या गाडीत बसल्या, तेव्हा भावजय त्यांना स्टँडवर पोहोचवायला आल्या होत्या. ही माहिती भाचीने दिली. मॅडमनी भावजयींना फोन करून तिची खातरजमा केली.